तीन नंबरची सीट

माझी धाकटी बहीण त्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास हातगाडीवर चादरीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आमच्या वर्कशॉपच्या दारात उभी राहिली. मला आधी वाटलं, शिलाई मशीन असेल. पण हातगाडीवाला ते उचलताना असा काही कण्हला, की माझ्या लक्षात आलं, हे लोखंड आहे आणि आपल्याच कामाचं आहे.

"भावजी कुठेत?" तिने कुजबुजत विचारलं.

"मागे. लेथवर."

"मग पटकन ऐक. हे आमच्या लाँचचं हेड आहे. पण भावजींना कळता कामा नये. ओळखीतल्या कुणाचं तरी आहे, एवढंच सांग."

"आणि कप्तानांना काय सांगितलंस?"

"त्यांना वाटतंय, मी हे बाहेरगावच्या वर्कशॉपात धाडलंय."

कप्तान म्हणजे तिचा नवरा. नदीच्या या काठावरची माणसं त्या काठावर नेणारी लाँच ते चालवतात, म्हणून सगळे त्यांना कप्तान म्हणतात आणि आम्हीही. आमचे हे आणि कप्तान एकमेकांचे साडू. पूर्वी दोघांचं इतकं जमायचं, की आम्हा बहिणींना आपसात बोलायला मिळायचं नाही. पण आठ महिन्यांपूर्वी आमच्याकडे जेवताना कप्तान सहज बोलून गेले, "तुमचं काम बरं आहे हो साडूभाऊ. घासलं की झालं."

चोवीस वर्षं व्हॉल्व्ह सीटचं काम केलेल्या माणसाला असं म्हणायचं! यांचा हातातला घास हातातच राहिला. हे म्हणाले, "आणि तुमचं तरी काय? सुकाणू धरायचं आणि बसायचं. लाँच काय, पाणीच नेतं."

झालं. राईचा पर्वत व्हायला आणखी काय लागतं? तेव्हापासून दोघांनी अबोला धरला. बरं, येणंजाणं थांबलं असतं तर एक वेळ परवडलं असतं. पण तेही नाही. दोघं एकाच खोलीत बसायचे आणि हे मला म्हणायचे, "त्यांना विचार, चहा घेणार का." की कप्तान धाकटीला म्हणायचे, "त्यांना सांग, घेऊन आलोय." आम्ही दोघी मधल्या मधे टपाल वाटत बसायचो.

आणि आता लाँच बंद पडली होती. म्हणजे अगदी बंद नाही; सकाळी सुरू व्हायला अर्धा तास घ्यायची, आणि निघाली तरी दम लागलेल्या म्हाताऱ्यासारखी फुसफुसत जायची. धक्क्यावरच्या मेकॅनिकने हेड उतरवून दिलं आणि म्हणाला, "हे टाका, नवं आणा." नवं यायला दोन महिने. तोवर लोकांनी पुलावरून जायचं म्हटलं तर पूल एकोणीस किलोमीटरवर.

"ठेव इथे," मी म्हटलं. "बघते."

हे 'बघणं' आमच्याकडे माझं काम. लग्न होऊन आले तेव्हा मी फक्त हेड धुऊन द्यायची. मग चाळिशीनंतर यांना जवळचं दिसेनासं झालं, आणि हळूहळू तपासणी माझ्याकडे आली. दोष मी शोधायचा, तो काढायचा यांनी. आमचा संसार बाकी याच तत्त्वावर चालतो, पण तिथे यांचं म्हणणं वेगळं आहे.

हेड म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचा लोखंडी ठोकळा. त्यात छत्रीच्या आकाराचे व्हॉल्व्ह असतात, दांडा वर आणि छत्री खाली. व्हॉल्व्ह मिटला, की त्याची कड हेडमध्ये बसवलेल्या एका पोलादी कड्यावर टेकते. त्या कड्याला सीट म्हणायचं. भांड्यावर झाकण नीट बसलं तर वाफ कोंडून राहते. व्हॉल्व्ह सीटवर नीट बसला तर इंजिनाचा दम कोंडून राहतो. नाही बसला तर फुस्स.

मी हेड टेबलावर घेतलं, एका कुशीवर आडवं केलं आणि मागच्या, हवा-धूर जाण्याच्या वाटांतून एकेका व्हॉल्व्हवर रॉकेल ओतलं. पहिल्या दोन सिलिंडरांचे चारही व्हॉल्व्ह थोडे ओलावले. चौथ्याचेही तसेच. तीन नंबरच्या धूर सोडणाऱ्या व्हॉल्व्हमधून, म्हणजे एक्झॉस्टमधून, मात्र रॉकेल असं वाहिलं, की मला खाली फडकं टाकावं लागलं.

तेवढ्यात हे हात पुसत बाहेर आले. त्यांच्या मागोमाग शेजारचा बेकरीवालाही आला. पहाटेपासूनची भट्टी उरकली, की साडेनऊला हातात चहाचा ग्लास घेऊन तो आमच्याकडे येतो. त्याच्या पावाला आमच्या ग्रीसचा वास कसा लागत नाही, हे एक आश्चर्यच आहे.

"कुणाचं?" यांनी विचारलं.

"धाकटीच्या ओळखीतलं कुणाचं तरी," मी मान वर न करता म्हटलं. धाकटी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली.

मी स्प्रिंगा काढल्या, व्हॉल्व्ह बाहेर काढून नंबराप्रमाणे फळीच्या भोकांत उभे केले. तीन नंबरच्या व्हॉल्व्हची कड एका बाजूने उंदराने कुरतडल्यासारखी जळाली होती. मग मी छोटी पितळी हातोडी घेतली आणि एकेका सीटवर हलकेच मारत गेले. मडकं वाजवून घेतात ना, तसंच. टिण. टिण. टिण. आणि तीन नंबरला, टक्. मी नखाने दाबून बघितलं. कडं हललं. दिसेल न दिसेल इतकंच, पण हललं.

"सीट सैल आहे," मी म्हटलं.

"सैल?" यांच्या अंगात जणू वीज शिरली. "बसवलेली सीट सैल? आण बघू." यांनी स्वतः नखाने दाबून पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले. "कुणी केलंय हे काम?"

"मला काय माहीत?"

"याला हात होते की वल्ही? अहो, इथे कडं भोकापेक्षा एका केसाइतकं मोठं असावं लागतं, तेव्हा ते गच्च बसतं. याने काय केलं असेल? डोळा मिटून अंदाज घेतला असेल! सैल कड्याची उष्णता हेडमध्ये जाणार कशी? मग व्हॉल्व्ह जळेल नाही तर काय!"

"मिस्त्री आज फॉर्मात आहेत," बेकरीवाला म्हणाला आणि चहा घेऊन नीट टेकून उभा राहिला.

ऐकणारा मिळाल्यावर यांना आणखी चेव आला. "याच्या हातात कटर दिला कुणी? याच्या हातात नेलकटरसुद्धा देऊ नये! याला डब्याचं झाकण लावायला सांगा, डबा गळेल. असल्या माणसांमुळे आमच्या धंद्याचं नाव खराब होतं."

बेकरीवाला हसून हसून चहा सांडत होता. मी खाली मान घालून हेडच्या कोपऱ्यातलं काळं किटण खरवडत होते. किटणाखाली तीन ठिपके दिसले. पंच मारून काढलेले, त्रिकोणात, दोन खाली आणि एक वर.

असे ठिपके फक्त एकच माणूस काढतो, आणि तो माझ्या शेजारी उभा राहून स्वतःलाच शिव्या घालत होता.

खोटं कशाला सांगू, क्षणभर मनात आलं, ते किटण परत थापावं आणि गप्प बसावं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण पंधरा वर्षं मी या टेबलावर एकच गोष्ट केली आहे, जे दिसतं ते सांगायचं. नवऱ्याचं काम निघालं म्हणून आज डोळे झाकले, तर उद्या दुसऱ्याच्या हेडवर बोट ठेवायचा अधिकार काय उरला?

"अहो," मी म्हटलं, "इकडे या जरा."

"थांब गं, मी यांना सांगतोय..."

"चष्मा लावून या."

हे आले. वाकले. बघितलं. अंगठ्याने ठिपके पुसून परत बघितलं. बेकरीवाला म्हणाला, "काय सापडलं?" मग आमचे चेहरे बघून तो शहाणा माणूस ग्लास ठेवून आपल्या दुकानात निघून गेला.

"कुणाचं आहे गं हे?" यांनी अगदी हळू विचारलं.

मी धाकटीकडे पाहिलं. तिने डोळे मिटून घेतले. "कप्तानांचं," मी म्हटलं.

हे धाकटीच्या शेजारच्या खोक्यावर बसले. मग म्हणाले, "आठवलं. तीन वर्षं झाली. तीन नंबरला जुनी सीट चिरली होती, म्हणून नवी घातली. त्या दिवशी दुपारी कप्तान इथे दारातच बसले होते, गप्पा रंगल्या होत्या. मी माप एकदाच घेतलं."

एवढंच. सबब नाही, दुसऱ्यावर ढकलणं नाही. मला एकीकडे वाईट वाटलं आणि दुसरीकडे, का कोण जाणे, बरं वाटलं.

दुपारी हे नीट जेवले नाहीत. धाकटी म्हणाली, "भावजी, तुम्ही गुपचूप दुरुस्त करून द्या. आमच्या यांना काही कळायचं नाही. कळलं तर हे सगळ्या धक्क्यावर सांगत सुटतील."

"सुटू देत," हे म्हणाले. "चांगल्या कामावर खूण माझी, आणि बिघडलेल्या कामावर कुणाची? त्यांना मी सांगणार. माझ्या तोंडाने."

बोलायला सोपं होतं. पण आठ महिने ज्या माणसाला चहासुद्धा बायकोमार्फत विचारला, त्याच्याशी सुरुवात करायची ती 'चूक माझी' या वाक्याने! हे दोन दिवस त्याच विचारात असावेत, कारण दोन दिवस घरात इतकी शांतता होती, की मला रेडिओ लावावा लागला.

काम मात्र यांनी असं केलं, की बघत राहावं. आधी गाईड. व्हॉल्व्हचा दांडा ज्या नळीत वरखाली होतो तिला गाईड म्हणतात. सीट कापणारा कटर त्याच नळीत खुंटी घालून फिरवायचा असतो. नळीच झिजली असेल तर कटर डगमगतो आणि सीट वाकडी कापली जाते. म्हणजे पायरी नीट नसेल तर वर जाऊन उपयोग नाही. आठांपैकी दोन गाईड झिजली होती, ती बदलली, आणि तीन नंबरचा जळका व्हॉल्व्हही. मग तीन नंबरचं सैल कडं काढून टाकलं, त्याची बैठक यांनी थोडी मोठी कोरली आणि तिच्या मापाने नवं कडं केलं, बैठकीपेक्षा एका केसाने मोठं. माप चार वेळा घेतलं. एकदा स्वतः, एकदा माझ्याकडून, एकदा जेवून आल्यावर, आणि एकदा उगीच.

आता केसाने मोठं कडं लहान भोकात घालायचं कसं? हेड तापवून फुगवायचं आणि कडं गारठवून आकसवायचं. कडं मी आदल्या संध्याकाळी एका डबीत घालून घरच्या फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीखाली ठेवलं. आणि हेड तापवायला शेजारची भट्टी होतीच. पाव निघाले, की उरलेल्या उष्णतेत आमचं लोखंड जातं. हा शेजारधर्म गेली दहा वर्षं चालू आहे.

या कामाला दोन माणसं लागतात. एकाने कड्यावर लोखंडी दट्ट्या सरळ धरायचा, दुसऱ्याने त्यावर ठोका द्यायचा. एरवी दट्ट्या मी धरते. पण त्या सकाळी मी मनगटाला पट्टी बांधून खाली उतरले.

"काय झालं?" यांनी विचारलं.

"मुरगळलं. रात्री कूस बदलताना."

धाकटीला मी आधीच निरोप धाडला होता. लोखंडाच्या बाबतीत खोटं बोलायला माझा सक्त विरोध आहे. माणसांच्या बाबतीत थोडं चालतं.

बेकरीत पोचलो, तर धाकटी आणि कप्तान येऊन उभे. कप्तानांनी भट्टीतलं हेड बघितलं, हिरवा रंग बघितला, आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. ते धाकटीला म्हणाले, "हे तर आपलं! बाहेरगावी धाडलं होतंस ना?"

"हेच बाहेरगाव," धाकटी म्हणाली.

आमच्या यांनी घसा साफ केला. मला म्हणाले, "त्यांना सांग, दट्ट्या धरायला माणूस कमी आहे."

"त्यांना सांग," कप्तान धाकटीला म्हणाले, "धरतो. कसा धरायचा तेवढं विचार."

"त्यांना सांग, उभा. अगदी उभा. झुकला तर कडं तिरकं जाईल, आणि मग गेलं सगळं."

"त्यांना विचार, किती वेळ?"

"त्यांना सांग, चार सेकंद. कडं हेडला टेकलं, की तापायला लागतं. मग ते कुणाचं ऐकत नाही."

बेकरीवाल्याने कपाळावर हात मारला. "अहो, तोवर माझी भट्टी गार होईल!"

त्याने लांब फळीने हेड बाहेर ओढलं आणि पोलादी टेबलावर ठेवलं. वाफ नव्हती, धूर नव्हता, पण तीन हातांवरून चेहऱ्याला धग लागत होती. कप्तानांनी जाड हातमोजे चढवले. यांनी डबी उघडली. कडं पांढरं झालं होतं, आणि डबीला मटारचा एक दाणा चिकटलेला. तो मी झटकला. यांनी चिमट्याने कडं उचललं, बैठकीवर ठेवलं, कप्तानांनी वर दट्ट्या टेकवला, यांनी पहिला ठोका दिला.

कडं एका बाजूने आत गेलं आणि दुसऱ्या बाजूने वर राहिलं.

"अरे धर की सरळ!" हे ओरडले.

"अरे धरलाय! तू मार!"

"उजवीकडे! तुझ्या उजवीकडे!"

"हां, मार आता!"

ठक्. ठक्. आणि मग आवाज एकदम बदलला, भरीव झाला, ठण्ण! कडं तळाला टेकलं की असाच आवाज येतो. आम्हा दोघींनाही तो कळला.

"बसली!" दोघं एकदमच म्हणाले.

मग दोघांच्याही लक्षात आलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा एकमेकांशी बोलले होते, आणि तेही 'अरे-तुरे'वर, जे त्याआधी कधीच नव्हतं. हातोडी आणि दट्ट्या घेऊन दोघे तसेच उभे. बेकरीवाल्याला हसू आवरेना, म्हणून तो पिठाच्या पोत्यांमागे गेला.

तापलेलं हेड घाईने थंड करून चालत नाही. तडा जातो. त्यावर पोती टाकून दोन तास तसंच ठेवावं लागतं, आणि त्या दोन तासांत करण्यासारखं काही नसतं. दोघे बाकावर बसले. बेकरीवाल्याने समोर गरम पाव आणि लोणी ठेवलं. हे पावाला हात लावेनात.

"एक सांगायचंय," हे म्हणाले. या वेळी माझ्याकडे न बघता. "ती जुनी सीट मीच बसवली होती. सैल बसली होती. माप एकदाच घेतलं मी. तुमची लाँच माझ्यामुळे बंद पडली."

कप्तान आता काय म्हणतात? कप्तानांनी हातातला पाव कुस्करला. मग त्यांनी धाकटीकडे चोरटी नजर टाकली.

"मलाही एक सांगायचंय," ते म्हणाले. "गेल्या उन्हाळ्यात इंजिन गार ठेवणारं पाणी आत घेणाऱ्या तोंडाशी प्लास्टिकची पिशवी अडकली. नदीच्या मधोमध इंजिन उकळलं. काटा पार तांबड्यात. लाँच माणसांनी भरलेली, थांबवली असती तर धारेला लागलो असतो. तसंच रेटत नेलं काठापर्यंत. कुणाला बोललो नाही."

"मलाही नाही?" धाकटी उभीच राहिली.

"तुला सांगितलं असतं तर तू ताईंना सांगितलं असतंस."

हे खरं होतं, त्यामुळे धाकटी परत खाली बसली.

"तेव्हाच ती सीट सुटली असणार," कप्तान म्हणाले. "चूक माझी."

"छे! नीट बसवलेली सीट एकदा उकळल्याने सुटत नाही. चूक माझी."

"अहो, एवढं उकळलं होतं, कुणाचीही सुटली असती!"

"माझी सुटायला नको होती!"

"तुम्ही ऐकून का घेत नाही? मी सांगतोय ना, माझी चूक!"

"आवाज चढवू नका. काम माझं, चूकही माझी!"

"अगं बाई," धाकटी मला म्हणाली, "आधी बोलत नव्हते, आता थांबत नाहीत."

शेवटी बेकरीवाल्याने निवाडा केला. अर्धी अर्धी वाटून घ्या, म्हणाला, आणि पाव खा, गार होतोय. दोघांनी मिळून सात पाव खाल्ले. मी मोजले नव्हते, बेकरीवाल्याने सांगितलं.

हेड गार झाल्यावर आम्ही ते वर्कशॉपात आणलं. कप्तान घरी जायचं नाव घेईनात. यांनी सीट कापायला घेतल्या, ते शेजारी उभे. सीटला तीन उतार द्यावे लागतात. मधला पंचेचाळीस अंशांचा, ज्यावर व्हॉल्व्ह टेकतो. त्याच्या वरचा जरा सपाट आणि खालचा जरा उभा, म्हणजे मधली पट्टी हवी तेवढीच रुंद राहते आणि व्हॉल्व्हच्या कडेच्या बरोबर मध्यावर येते. पट्टी फार अरुंद झाली तर लवकर झिजते. फार रुंद झाली तर कचरा धरते. यांचा हात इतका हलका चालत होता, की चोवीस वर्षांनंतरही मला बघावंसं वाटलं.

मग आठही व्हॉल्व्ह घासायची खरखरीत पेस्ट लावून सीटवर घोळवायचे होते. काठीच्या टोकाला रबरी चोखणी असते, ती व्हॉल्व्हला चिकटवायची आणि काठी दोन तळव्यांत रवीसारखी फिरवायची.

"मी करू एक?" कप्तानांनी विचारलं.

यांनी काठी त्यांच्या हातात दिली. कप्तानांनी बाह्या सरसावल्या. पाच मिनिटांत त्यांच्या कपाळावर घाम आला. "झालं," ते म्हणाले.

मी व्हॉल्व्हच्या कडेला निळा रंग लावला, तो सीटवर दाबून किंचित फिरवला आणि उचलला. सीटवर निळं वर्तुळ उमटायला हवं, सलग, कुठेही न तुटलेलं. कप्तानांचं वर्तुळ दोन ठिकाणी तुटलं होतं.

"परत," मी म्हटलं.

दुसऱ्यांदा एका ठिकाणी तुटलं. "काठी सरळ धरा आणि मधूनमधून उचलून जागा बदला," हे म्हणाले. "जोर नको. नुसतं वजन."

तिसऱ्यांदा वर्तुळ पूर्ण आलं. कप्तान त्याच्याकडे असे बघत बसले, जणू पहिल्यांदाच बाळ हातात घेतलं आहे. तळवे चोळत म्हणाले, "साडूभाऊ, मी त्या दिवशी जेवताना मूर्खासारखं बोललो."

"मीही काही शहाण्यासारखं बोललो नव्हतो," हे म्हणाले. "घ्या, अजून सात आहेत."

कप्तानांनी आणखी दोन केले. उरलेले पाच यांनी, तेवढ्याच वेळात. व्हॉल्व्ह बसवून मी पुन्हा रॉकेल ओतलं आणि घड्याळ लावून बसले. अर्धा तास झाला. आठही जागी थेंब नाही. तीन नंबरवर मी दोनदा हातोडी वाजवली. टिण, टिण. तेव्हा धाकटीचं माझ्या मनगटाकडे लक्ष गेलं.

"ताई, पट्टी कुठेय तुझी?"

"उतरलं दुखणं," मी म्हटलं. यांनी माझ्याकडे बघितलं, कप्तानांकडे बघितलं, आणि हातोडी जागेवर ठेवली. पण मिशीतल्या मिशीत हसले ते मी पाहिलं.

सोमवारी सकाळी लाँच निघायची होती. रविवारचा सगळा दिवस दोघे साडू इंजिनाच्या खोलीत डोकं घालून बसले होते. सोमवारी सातला आम्ही धक्क्यावर गेलो, तर पंचवीस-तीस माणसं आधीच रांगेत. त्यांत पलीकडच्या दवाखान्यातली नर्सबाई होती. ती गेले पंधरा दिवस पुलावरून फिरून जात होती, त्यामुळे फार वैतागलेली.

"होईल ना सुरू?" तिने मला विचारलं. "की परत उतरवाल?"

मी यांच्याकडे बोट दाखवलं. हे इंजिनाच्या खोलीच्या दाराशी उभे, चेहरा दगडासारखा. कप्तानांनी वरून विचारलं, "देऊ?"

"द्या."

स्टार्टरने एकदा घरघर केली आणि इंजिनाने पहिल्याच दमात सूर धरला. धूर आला तो चिमटीभर, आणि तोही लगेच विरला. यांनी मान तिरपी केली, डोळे मिटले. एक, दोन, तीन, चार. चारही सिलिंडर पायात पाय न अडकवता चालत होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. यांनी वर बघितलं. कप्तान वरून खाली बघत होते. दोघांपैकी कुणी काही बोललं नाही, आणि या वेळी ते न बोलणं मला फार आवडलं.

आम्हीही चढलो. धाकटीने मला रेलिंगजवळ जागा धरली होती. लाँच अशी निघाली, की मागे पाण्यात दोन सरळ रेघा पडल्या. पूर्वी बारा मिनिटं लागायची, या वेळी सातव्या मिनिटाला पलीकडचा धक्का आला. कप्तानांनाच अंदाज चुकल्यासारखं झालं. त्यांनी घाईघाईने वेग कमी केला.

माणसं उतरली. नर्सबाई सगळ्यांत पुढे, पिशवी सावरत तरातरा दवाखान्याकडे गेली. लाँच अजून धक्क्यालाच होती, तोच ती दवाखान्याच्या पायरीवर उभी राहून हात हलवताना दिसली.

"कप्तान!" ती तिथूनच ओरडली. "इतक्या लवकर आणलंत, आता बसू कुठे? किल्लीवाला अजून आलाच नाही!"

"या मग!" कप्तान सुकाणूवरून ओरडले. "एक फेरी फुकट!"

आणि नर्सबाई खरोखरच हसत हसत परत आली आणि आमच्याशेजारी बसली.